आधी झोप मोजा, मग ताट मोजा

रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहारातली मंडळी लगेच घरी जात नाहीत. चहा होतो, मुलांच्या शाळेच्या गोष्टी निघतात, कोणाचे दुखणे-खुपणे निघते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी महिला मंडळातील एका भगिनीने आपला तपासणीचा कागद आमच्यापुढे धरला. वय पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी दोन घरचा स्वयंपाक, दुपारी एका कार्यालयात झाडलोट, संध्याकाळी आपले घर. उंचीच्या मानाने वजन बरेच जास्त. दवाखान्यात सांगितले होते, "साखर सीमेवर आली आहे. खाणे कमी करा, वजन उतरवा."

बाईंनी ते मनावर घेतले. रात्रीची भाकरी सोडली, चहातली साखर सोडली. दोन महिन्यांत वजन तीन-चार किलोने उतरलेही. पण जिना चढताना पाय लटपटू लागले, आणि दुसऱ्या तपासणीत साखर होती तिथेच! "भाऊ, घास मोजून खाते," त्या म्हणाल्या, "तरी घरातलीच माणसं म्हणत्यात, चोरून खात आसंल."

आम्ही विचारले, "ताई, रात्री झोपता किती?"

त्या हसल्या. "झोप? ती कुठं औषधात येती व्हय?"

मग आम्ही हिशेब मांडला. थोरला मुलगा दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराला घरी येतो. त्याला गरम वाढून, भांडी घासून, आडवे व्हायला साडेबारा होतात. नळाला पाणी पहाटे पाचला येते, म्हणून साडेचारला उठावे लागते. पाणी, डबे, आंघोळी, आणि सहाला घराबाहेर. म्हणजे झोप चार तास! ही काही एका आठवड्याची अडचण नव्हे, कित्येक वर्षांची रीत. तिथे बसलेल्या बायकांना आम्ही विचारले, "रोज सात तास झोप कोणाकोणाला मिळते?" एकदोन हात वर आले. बाकीच्या एकमेकींकडे पाहून हसल्या.

आज आम्ही लिहीत आहोत ते त्या हसण्याबद्दल. लठ्ठ माणसाला सगळे ताटावरून बोलतात. त्याची झोप कोणी विचारत नाही. आणि गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधन सांगते की ताट जितके महत्त्वाचे, तितकीच झोपही महत्त्वाची आहे.

शरीराचा कारभार रात्रीही चालतो

आपण खातो त्या अन्नाचे पुढे काय होते? त्यातून साखर रक्तात येते, चरबी साठते, साठलेली चरबी वापरली जाते, स्नायूंची झीज भरून निघते. या सर्व कारभाराला चयापचय म्हणतात. स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन हे या कारभारातले मुख्य द्रव्य. त्याच्यामुळे रक्तातली साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरते. अंगावर, विशेषतः पोटावर, चरबी वाढली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतत राहते. काही वर्षे असे निभते. पुढे ते थकते आणि मधुमेह उघड होतो.

आम्हा भारतीयांच्या बाबतीत हे थोड्या वजनातच घडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासह आपले दोघांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! वरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी लपलेली असते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक 23 झाला की जादा वजन आणि 25 झाला की लठ्ठपणा धरतात. तो काढायचा कसा? किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. ते जमत नसेल तर शिंप्याची टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजावा. पुरुषांचा 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमची भगिनी त्या उंबरठ्यावरच उभी आहे. अशा माणसाची झोप तुटली तर काय होते, हे आता पाहू.

चार तासांची झोप: शिकागोचा प्रयोग

1999 साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात कारीन श्पीगेल, एव्ह व्हान कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. अकरा धडधाकट तरुण निवडले. सहा रात्री त्यांना फक्त चार-चार तास अंथरुणावर राहू दिले. नंतर सहा रात्री बारा-बारा तास दिले. दोन्ही वेळा रक्त तपासले. जागरणाच्या दिवसांत रक्तातली साखर हटण्याचा वेग भरपूर झोपेच्या दिवसांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी मंदावला होता. संध्याकाळी शरीरात जे कॉर्टिसॉल कमी व्हायला हवे, तेही चढलेले राहत होते. तणावाच्या वेळी वाढणारे हे द्रव्य साखर चढवते. हे तरुण ना लठ्ठ होते, ना आजारी. केवळ सहा रात्रींच्या जागरणाने त्यांच्या शरीराचा कारभार असा घसरला.

वाचकहो, त्या तरुणांना सहा रात्री जेवढी झोप दिली, तेवढीच आमच्या भगिनीला वर्षानुवर्षे मिळते आहे. त्यात तिचे वय त्यांच्या दुप्पट आणि अंगावर चरबीचा भार वेगळा.

2012 साली शिकागोलाच सात माणसांच्या पोटावरील चरबीचे नमुने घेऊन तपासले गेले. चार रात्री साडेचार तास झोपू दिल्यावर त्या चरबीच्या पेशी इन्सुलिनला सुमारे 30 टक्के कमी दाद देऊ लागल्या. थकवा डोक्याला येतो, असे आपण समजतो. इथे तर चरबीची पेशीसुद्धा जागरणाने थकलेली दिसली.

या प्रयोगांतील माणसे मोजकी होती, हे खरे. माणसाला प्रयोगशाळेत दिवसचे दिवस ठेवायचे तर संख्या थोडीच असणार. परंतु हजारो माणसांवर अनेक वर्षे नजर ठेवून झालेल्या पाहण्यांतही हेच आढळले आहे. जे रोज पाच-सहा तास किंवा त्याहून कमी झोपतात, त्यांच्यात वजनवाढ आणि मधुमेह अधिक दिसतो. नऊ तासांहून अधिक झोपणाऱ्यांतही मधुमेह अधिक दिसतो. पण त्यांच्यापैकी काहींची जास्त झोप ही आधीच असलेल्या आजाराची खूण असू शकते. म्हणून मोठ्या माणसाने किमान सात तास झोपावे, असे अमेरिकेतील झोपेच्या तज्ज्ञांनी 2015 साली एकत्र बसून ठरवले.

भूक खोटी नसते

त्या रविवारी बोलता बोलता बाईंनी एक गोष्ट हळूच सांगितली. दुपारी चारच्या सुमारास कार्यालयात उरलेले फरसाण दिसले की हात राहवत नाही. "मन लई मारते भाऊ, पन हात जातोच." त्यांना त्याची लाज वाटत होती.

लाज वाटण्याचे कारण नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे एक द्रव्य चरबीतून येते. त्याचे नाव लेप्टिन. 1994 साली त्याचा शोध लागला. भूक लागल्याचा निरोप देणारे दुसरे द्रव्य जठरातून येते, ते घ्रेलिन. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधले. 2004 साली शिकागोच्याच मंडळींनी बारा तरुणांवर दोन-दोन रात्रींचा प्रयोग केला. चार तासांच्या झोपेनंतर पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरले, भुकेचे घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढले आणि भूक 24 टक्क्यांनी वाढली. ओढही कशाची? गोडाची, खारट चटकमटक पदार्थांची, पावाची, बटाट्याची. रात्रपाळीच्या माणसाला पहाटे खारी-चहा आणि वडापावच का आठवतो, याचे उत्तर इथे आहे. भरल्या झोपेचा माणूस जो डबा सहज दूर सारतो, तोच डबा जागलेल्या माणसाला ओढून घेतो. त्याला 'जिभेवर ताबा नाही' म्हणून हिणवणे हे अज्ञान आहे.

वजन उतरले, पण काय उतरले?

आता आमच्या भगिनीच्या लटपटत्या पायांकडे येऊ. लठ्ठपणाशी झुंजणाऱ्या प्रत्येकाने 2010 सालचा एक प्रयोग लक्षात ठेवावा. शिकागोच्या आर्लेट नेडेल्चेव्हा आणि प्लामेन पेनेव्ह यांनी जादा वजनाची दहा माणसे घेतली. त्यांना चौदा दिवस मोजके, कमी जेवण दिले. एका खेपेस रात्री साडेआठ तास अंथरुणात, दुसऱ्या खेपेस साडेपाच तास. जेवण दोन्ही वेळा सारखेच बेताचे.

काट्यावर वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोने उतरले. काटा पाहणारा म्हणेल, झोपेने काय फरक पडला? पण शरीरातून नेमके काय गेले ते मोजले, तेव्हा सत्य दिसले. भरपूर झोपेत चरबी 1.4 किलो गेली. कमी झोपेत केवळ 0.6 किलो. उलट, भरपूर झोपेत स्नायू वगैरे चरबीविरहित भाग 1.5 किलो गेला, तर कमी झोपेत 2.4 किलो! म्हणजे झोप मारून उपास करणाऱ्याची चरबी घरात राहते आणि अंगातली ताकद निघून जाते. साखर वापरणारे मोठे इंद्रिय म्हणजे स्नायू. तेच झिजले तर साखर उतरणार कशी? आणि जिना चढणार कोण?

आमच्या भगिनीच्या शरीरात नेमके काय झाले, हे तपासल्यावाचून आम्ही सांगू शकत नाही. पण हा प्रयोग वाचल्यावर, ती चोरून खाते असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होणार नाही.

एक तास जास्त झोपल्यास

झोप कमी केल्याने बिघडते हे कळले. पण वाढवल्याने सुधारते का? 2022 साली शिकागोच्या डॉ. एसरा तसाली यांनी याचे उत्तर शोधले. यावेळी प्रयोगशाळा नव्हती. जादा वजनाची, 21 ते 40 वयाची 80 माणसे घेतली. ती रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपत असत. सगळी आपापल्या घरी राहत होती, कामावर जात होती. काय खावे, किती चालावे, यावर त्यांना एक शब्दही सांगितला नाही. त्यांतल्या निम्म्या माणसांना फक्त झोपेच्या सवयींबद्दल सल्ला दिला. त्यांची झोप सरासरी एक तास बारा मिनिटांनी वाढली. आणि दोन आठवड्यांत त्यांचे रोजचे खाणे, कोणी न सांगता, इतरांच्या तुलनेत सुमारे 270 कॅलरीने कमी झाले. 270 कॅलरी म्हणजे जवळपास एक वडापाव. रोजचा एक वडापाव, मन न मारता, आपोआप सुटला!

"आठवडाभर जागू आणि सुट्टीच्या दिवशी भरपाई करू," असे काहीजण म्हणतात. 2019 साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हेही तपासले गेले. सुट्टीत जादा झोपून पुन्हा कामाच्या दिवसांत जागरण करणाऱ्यांच्या शरीरातील इन्सुलिनचा बिघाड टळला नाही. रविवारची झोप घ्यावी, बरी वाटते. पण ती सोमवार ते शनिवारचे कर्ज फेडत नाही.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

काही बांधव म्हणतील, "आम्ही तर आठ तास घोरत पडतो, तरी वजन का वाढते?" त्यांनी हे नीट वाचावे. मानेभोवती चरबी वाढली की झोपेत घशाची वाट अरुंद होते. श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, जोराने श्वास घेतला जातो आणि पुन्हा डोळा लागतो. रात्रीतून असे शेकडो वेळा होऊ शकते. माणसाला आठवत काहीच नाही. सकाळी डोके जड, दिवसभर गुंगी, लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी. या विकाराला डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्याने रक्तदाब चढतो, साखर बिघडते आणि वजन उतरवणे कठीण होते. लठ्ठपणाने झोप तुटते आणि तुटलेल्या झोपेने लठ्ठपणा वाढतो, असे हे चक्र आहे.

घरच्यांनी लक्ष ठेवावे. मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच काही क्षण गप्प होतो आणि मग घुसमटून श्वास घेतो का? तसे असल्यास त्याला चेष्टेचा विषय करू नका, मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या विभागात न्या. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र उपलब्ध आहे. वजन उतरवल्यानेही हा त्रास कमी होतो. अशा माणसाने वाहन चालवताना विशेष जपावे. आणि 'झोप लागते' म्हणून रात्री दारू घेणाऱ्यांनी जाणावे की दारूने घसा आणखी सैल पडतो आणि पहाटेची झोप मोडते.

रात्रपाळीचे ओझे

आपल्या समाजात सुरक्षारक्षक आहेत, सफाई कामगार आहेत, रुग्णालयांतील आया आणि परिचारिका आहेत, कारखान्यांत पाळ्या करणारे आहेत. आता रात्री घरोघर सामान पोहोचवणारी तरुण मुलेही आहेत. शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. ते पेशीपेशीत कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाप्रमाणे रात्री शरीर साखर हाताळण्यात मंद असते. मध्यरात्री दोनला खाल्लेले तेच जेवण दुपारच्या जेवणापेक्षा साखर जास्त चढवते. अमेरिकेतील परिचारिकांच्या 2011 सालच्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की बदलत्या रात्रपाळीची वर्षे जितकी जास्त, तितका मधुमेहाचा धोका जास्त, आणि त्यातला काही भाग वाढलेल्या वजनामुळे होता.

नोकरी सोडा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. भाकरी त्याच पाळीवर आहे. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाची दिवसाची झोप ही त्याची रात्रच आहे, हे घराने मानले पाहिजे. खिडकीला जाड पडदा किंवा जुनी चादर लावा. टीव्हीचा आवाज बंद ठेवा. 'दिवसा लोळतो' असे शेजाऱ्याने म्हटले तर त्याला समजावून सांगा. रात्रपाळीवाल्याने मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करावे, मध्यरात्री लागलेच तर फुटाणे, एखादे फळ, ताक असे हलके खावे.

कामाचे तास कोणी मोजले?

कष्टकऱ्यांच्या विश्रांतीचा प्रश्न आपल्याला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे 1946 साली कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 झाले. माणूस यंत्र नव्हे, त्याच्या दिवसात विश्रांतीचे तास असले पाहिजेत, हा त्यामागचा विचार.

पण बंधूंनो, बाहेरच्या कामाचे तास कायद्याने मोजले. घरातल्या बाईच्या कामाचे तास कोण मोजणार? केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात तेव्हा दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. स्त्रियांची ही पाच तासांची पाळी अनेक घरांत झोपेतून कापली जाते. सर्वांत शेवटी झोपणारी आणि सर्वांत आधी उठणारी कोण, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. तिच्या वाढलेल्या वजनावर बोलण्यापूर्वी तिच्या कापलेल्या झोपेत आपला वाटा किती, हेही पाहावे.

घरात काय करता येईल?

प्रथम सात दिवस वहीत लिहा. घरातील प्रत्येक मोठे माणूस किती वाजता झोपले, किती वाजता उठले. अंदाज चुकतात, वही चुकत नाही.

कामे वाटून घ्या. उशिरा येणाऱ्या मुलाने आपले ताट आपण वाढून घ्यावे आणि धुऊन ठेवावे. पाणी भरण्याचे वार लावा, त्यात पुरुषांचे वार असू द्या. डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवली तर सकाळी अर्धा तास वाचतो. एकदम आठ तास जमणार नाही. आधी अर्धा तास वाढवा, मग एक तास. शिकागोच्या त्या माणसांना सव्वा तासानेच फरक पडला.

झोपण्या-उठण्याची वेळ शक्यतो रोज तीच ठेवा. चहा दुपारी चारनंतर टाळा. मिश्री आणि तंबाखूही झोप उडवतात, हे आपल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगा. रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास व्हावे. एका खोलीत सारे घर झोपते, तिथे एकाचा मोबाइल सर्वांची झोप घालवतो, म्हणून ठरलेल्या वेळी दिवा, टीव्ही आणि मोबाइल एकदम बंद करा. मच्छरदाणी लावा, तो खर्च औषधापेक्षा स्वस्त पडतो. रात्र अपुरी पडली तर दुपारी वीस मिनिटे पाठ टेकायला हरकत नाही.

वजन उतरवायचे असेल तर उपाशी राहू नका. भाकरी बेताने घ्या, पण डाळ, उसळ, अंडी, मासे ताटात ठेवा, म्हणजे स्नायू टिकतील. रोज अर्धा तास झपझप चाला. मात्र चालण्यासाठी झोपेतला तास कापू नका.

आणि हे नीट ध्यानात घ्या: झोप हे औषधाला पर्याय नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने कमी करू नये. झोपेची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणू नये. आठवड्यांमागून आठवडे झोप लागत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, "मी इतके तास झोपते."

पुढे काय झाले?

त्या रविवारनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगा घरी होता. आईच्या झोपेचा हिशेब वहीत पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, उद्यापासून तू झोप. मी घेतो वाढून." आठवड्यातले तीन दिवस पहाटेचे पाणी आता त्यांचे यजमान भरतात. पहिल्या दिवशी चाळीत हशा झाला, बाप्या माणूस हंडा-कळशी घेऊन रांगेत! महिनाभराने आणखी दोन पुरुष त्या रांगेत दिसू लागले.

बाईंची झोप चार तासांवरून सहाच्या पुढे गेली आहे. सात अजून झालेले नाहीत. रात्रीची अर्धी भाकरी त्यांनी पुन्हा सुरू केली, संध्याकाळी वस्तीतल्या दोघीतिघींबरोबर चालायला जातात. दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर थोडी उतरलेली निघाली. त्यात झोपेचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे आम्ही सांगू शकत नाही. काट्यावर वजन फारसे हललेले नाही. पण जिना त्या न थांबता चढतात.

परवा विहारात भेटल्या. आम्ही विचारले, "ताई, फरसाणाचं काय?"

"दिसतं की भाऊ," त्या म्हणाल्या. "डबा तिथंच असतो. आता हात जात न्हाई."